डोंगरातून बेटांकडे: स्कॉटलंडचा रेल्वेप्रवास स्वतः आखा, आरामात करा

स्कॉटलंडला जायचं ठरलं तेव्हा आई ७१ वर्षांची होती. गुडघे दुखायचे, पण उत्साह आमच्या दुप्पट. एका सहल कंपनीचं पत्रक घरी आलं होतं: रोज सकाळी सातला बॅगा बाहेर, रोज नवं हॉटेल, बसमध्ये सहा-सात तास. ते वाचून आई एवढंच म्हणाली, "मला खिडकीजवळ बसवा आणि घाई करू नका." या लेखातला सगळा बेत त्या वाक्यावर उभा आहे.

गाडी भाड्याने घ्या, असं बरेच जण सुचवतात. आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक असल्याने ते सोपंही वाटतं. पण तिकडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर कित्येक रस्ते एकपदरी आहेत. समोरून गाडी आली की रुंद केलेल्या जागेत थांबून वाट द्यायची. चालवणाऱ्याचे डोळे दिवसभर रस्त्यावरच, डोंगर बघतात ते बाकीचे. आगगाडीत सगळ्यांनाच खिडकी मिळते, आणि सुदैवाने इथले रेल्वेमार्ग रस्त्यांपेक्षा सुंदर जागांमधून जातात.

आधी नकाशा, मग तारखा

आम्ही १२ रात्रींचा बेत केला होता: ग्लासगो २, ओबन ३, फोर्ट विल्यम २, स्काय बेट २, इनव्हरनेस २ आणि शेवटी एडिंबरा १. नकाशावर हे एक मोठं वर्तुळ दिसतं. ग्लासगोहून पश्चिमेला समुद्राकडे, तिथून उत्तरेला, बोटीने बेटावर, बेटावरून पुन्हा मुख्य भूमीवर आणि मग पूर्वेकडून खाली. एकही रस्ता दोनदा करावा लागत नाही, फक्त ओबन ते क्रिअनलॅरिख या जंक्शनपर्यंतचा पट्टा पुन्हा येतो.

आखताना दोन नियम पाळा. एका दिवशी एकच मोठा टप्पा, आणि एडिंबऱ्याची शेवटची रात्र सोडली तर कुठेही दोन रात्रींपेक्षा कमी मुक्काम नाही. यामागे वेळापत्रकाचं कारण आहे. मुंबईच्या लोकलची सवय झालेल्या आपल्याला गाडी चुकली तर पुढची पकडू असं वाटतं. इथे ग्लासगोहून फोर्ट विल्यमला दिवसाला तीन-चारच गाड्या सुटतात. इनव्हरनेस आणि स्कायसमोरचं काइल ऑफ लोखॅल्श यांच्यामध्येही जवळपास तेवढ्याच. एक गाडी चुकली की अर्धा दिवस गेला, आणि तिच्यावर अवलंबून असलेली बोटही गेली. दिवसात एकच टप्पा असेल तर उशीर झाला तरी संध्याकाळी तुम्ही ठरलेल्या खोलीतच असता.

बेतात रविवार कुठे येतो ते पहिल्यांदा बघा. रविवारी गाड्या कमी, बोटी कमी आणि बेटांवरच्या बस त्याहून कमी. रविवारी मुक्कामाच्या गावातच राहावं, प्रवास ठेवू नये.

ज्यांच्याकडे आठच दिवस आहेत त्यांनी ओबन किंवा स्काय यांपैकी एक सोडावं, दोन्ही ठिकाणी एकेक रात्र कोंबू नये. ज्यांच्याकडे तीन दिवस जास्त आहेत त्यांच्यासाठी ऑर्कनीबद्दल पुढे लिहिलं आहे.

कोणत्या महिन्यात

माझं मत स्पष्ट आहे: मेचा मध्य ते जूनची सुरुवात. हवा त्यातल्या त्यात कोरडी, झुडपांवर पिवळी फुलं, आणि दिवस इतका मोठा की जूनमध्ये रात्री दहा वाजताही उजेड असतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या शाळांना सुट्ट्या, खोल्या महाग आणि मिजेसचा त्रास. मिजेस म्हणजे चिलटांहून बारीक चावरे किडे. वारा पडला आणि हवा दमट झाली की ढगासारखे येतात. रोग पसरवत नाहीत, पण खाज भयंकर. त्यांच्यासाठीचं मलम आणि डोक्यावरून घ्यायची जाळी तिथल्या दुकानांत मिळते, इथून न्यायची गरज नाही. सप्टेंबरच्या शेवटी डोंगर तांबूस होतात, तेही दिवस छान. हिवाळ्यात मात्र दिवस जेमतेम सात तासांचा असतो. खिडकीतून बघायलाच आलो असू तर काळोखात बसून काय करणार?

व्हिसा आणि विमान

स्कॉटलंडसाठी ब्रिटनचाच पर्यटक व्हिसा लागतो. युरोपचा शेंगेन व्हिसा चालत नाही. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. बोटांचे ठसे देण्याचं केंद्र मुंबईत आहे तसं पुण्यातही. अर्जासोबत दिवसवार बेत जोडला की अर्जाला आकार येतो, म्हणून नकाशाचं काम आधी उरकलेलं बरं.

विमानाचं तिकीट जाता-येता एकाच शहराचं काढू नका. उतरायचं ग्लासगोला आणि परतायचं एडिंबऱ्याहून, असं दोन शहरांचं तिकीट काढता येतं. आखातात विमान बदलून दोन्हीकडे जाता येतं. लंडनला नातेवाईक असतील आणि तिथूनच सुरुवात करायची असेल तर यूस्टन स्थानकावरून रात्री सुटणारी कॅलेडोनियन स्लीपर आहे. शनिवार सोडून रोज रात्री निघते आणि तिचा एक भाग सकाळी दहाच्या सुमारास थेट फोर्ट विल्यमला पोहोचतो. पहाटे पडदा सरकवला की बाहेर शहर नसतं, हरणं असतात. ती महाग आहे, पण एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च वाचतो हे हिशेबात धरा. तिची खोली जितकी आधी घ्याल तितकी स्वस्त.

तिकिटं की पास?

इथे थोडं गणित करावं लागतं. 'स्पिरिट ऑफ स्कॉटलंड' नावाचा पास दोन प्रकारचा असतो: सलग ८ दिवसांतले कोणतेही ४ दिवस, किंवा १५ दिवसांतले कोणतेही ८ दिवस. त्यात स्कॉटलंडमधल्या गाड्या, कॅलमॅक कंपनीच्या बेटांवर जाणाऱ्या बोटी आणि काही बस येतात. स्लीपर आणि वाफेच्या इंजिनाची पर्यटन गाडी येत नाही. आमच्या बेतात मुक्काम बदलण्याचे दिवस पाचच होते, मल-आयोना बेटांची आणि कोरावर नावाच्या डोंगरी स्थानकाची फेरी धरली तर सात. म्हणून एका कागदावर दोन रकाने केले. एकात पासची किंमत, दुसऱ्यात प्रत्येक टप्प्याचं सुटं तिकीट. तुम्हीही हेच करा, कारण किमती बदलत राहतात आणि उत्तर तुमच्या टप्प्यांवर ठरतं. ६० वर्षांवरच्या प्रवाशांना सिनियर रेलकार्डावर सुट्या तिकिटांत एक तृतीयांश सवलत मिळते, तोही रकाना विसरू नका.

एक चांगली गोष्ट: स्कॉटलंडच्या गाड्या चालवणाऱ्या स्कॉटरेलने सप्टेंबर २०२५पासून गर्दीच्या वेळेचे जादा दर कायमचे काढून टाकले. सकाळची गाडी महाग म्हणून टाळायची गरज उरलेली नाही.

पास असो वा तिकीट, ग्लासगोहून ओबन, फोर्ट विल्यम आणि मॅलेगला जाणाऱ्या पश्चिम डोंगरी मार्गावर आसन आरक्षित करून ठेवा. उन्हाळ्यात गाड्या भरतात. या गाड्यांना पहिला वर्ग नसतो, डबे बहुधा दोन किंवा चार, स्वच्छतागृह मोजकं. ज्येष्ठांसाठी किंवा चाकाच्या खुर्चीसाठी 'पॅसेंजर असिस्ट' ही मोफत सेवा आहे. आधी कळवलं की स्थानकावरचा माणूस चढायला-उतरायला आणि सामान ठेवायला मदत करतो. आईने आधी नको म्हटलं, पहिल्या स्थानकानंतर तिनेच पुढच्या दिवसाचं विचारून घेतलं.

खोल्या आणि बॅगा

खोली स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर हवी. या प्रवासातल्या बहुतेक गावांत ते जमतं, कारण गावं लहान आहेत. ओबनचं स्थानक बोटीच्या धक्क्याला लागूनच आहे. मॅलेगला गाडीतून उतरून स्कायच्या बोटीपर्यंत काही मिनिटं. काइलचं स्थानक तर समुद्रातच पाय सोडून बसल्यासारखं. स्काय बेटावरच्या खोल्या सगळ्यात आधी घ्या, चार-सहा महिने आधी. तिथे खोली मिळाली की त्या तारखांभोवती बाकीचा बेत बसवा. घरगुती राहण्या-न्याहारीच्या जागा हॉटेलपेक्षा बऱ्या वाटल्या. मात्र खोली दुपारी तीन-चारनंतर मिळते, आणि जिना अरुंद असू शकतो. तळमजल्याची खोली हवी असेल तर आरक्षण करतानाच विचारा.

प्रत्येकी एकच मध्यम बॅग. गाडीतली सामानाची जागा लहान असते, बोटीच्या उतरत्या फळीवरून बॅग स्वतः ओढावी लागते. छत्री घरी ठेवा, तिथला वारा ती दोन मिनिटांत उलटी करतो. टोपीचं पाणी न शिरणारं जाकीट, आत पातळ थर, आणि ओल्या गवतावर न घसरणारे बूट. ब्रिटनचा तीन चौकोनी पिनांचा प्लग वेगळा, त्याचा अडॅप्टर लागतो. पैसे बहुतेक कार्डनेच दिले जातात. नोटा हातात आल्या तर त्या स्कॉटिश बँकांच्या असतील. त्या तिथेच संपवा, भारतात बदलून घेणं कठीण जातं.

पहिला टप्पा: ग्लासगो ते ओबन

विमानानंतरच्या दोन रात्री ग्लासगोत झोप भरून काढायला. आगगाडीची आवड असेल तर हे शहर आपल्या ओळखीचं निघतं. १९०३ साली इथे तीन कारखाने एकत्र होऊन नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी झाली, आणि तिथली असंख्य इंजिनं भारतात आली. आपल्या आजोबांच्या पिढीने ज्या गाड्यांत प्रवास केला, त्यांतल्या कित्येकींना ओढणारं इंजिन या शहरात घडलं होतं.

ओबनची गाडी क्वीन स्ट्रीट स्थानकावरून सुटते. पोहोचायला तीन तासांहून थोडं जास्त. चढण्याआधी डब्यावरची पाटी वाचा, कारण काही गाड्या क्रिअनलॅरिखला दुभंगतात: काही डबे ओबनला, काही फोर्ट विल्यमला. चुकीच्या डब्यात बसलात तर निसर्ग तेवढाच सुंदर दिसेल, पण बॅगा घेऊन उतरायचं गाव वेगळं असेल.

बसायचं डावीकडे. शहर सुटलं की आधी क्लाइड नदीचं रुंद पात्र, मग गेअर लॉख आणि लॉख लाँग, सगळं डाव्या हाताला. लॉख म्हणजे सरोवर किंवा आत घुसलेली समुद्राची खाडी. टार्बेटनंतर मात्र लॉख लोमंड उजवीकडे येतं. पंधरा-वीस मिनिटं झाडांच्या फटींतून ते खाली चमकत राहतं, तेवढ्यापुरतं उठून पलीकडे उभं राहावं. स्थानकांच्या पाट्यांवर इंग्रजीखाली गेलिक नावं दिसू लागतात. फोर्ट विल्यमचं 'अन गेरस्तन', इनव्हरनेसचं 'इन्व्हिर निश'. आईने ती मोठ्याने वाचायचा खेळच केला होता.

क्रिअनलॅरिखनंतर ओबनची वाट वेगळी होते. डावीकडे लॉख ऑ आणि त्याच्या काठावर किलखर्न किल्ल्याचे अवशेष. पुढे ब्रँडरची खिंड लागते. तिथे उजवीकडचा उतार अगदी रुळांवर झुकलेला. दरड कोसळली तर गाडीला कळावं म्हणून १८८०च्या दशकात उतारावर तारांचं कुंपण घातलं. दगड पडून तार तुटली की सिग्नल आपोआप धोक्याचा होतो. वाऱ्यात त्या तारा गुणगुणतात, म्हणून लोक त्या यंत्रणेला रेल्वेच्या अँडरसनसाहेबांच्या नावाने 'अँडरसनचा पियानो' म्हणू लागले. पावसाळ्यात कोकण रेल्वेने जाताना दरडीची धास्ती अनुभवलेल्याला या तारांचं मोल लगेच कळतं.

ओबनला तीन रात्री का? एक दिवस मल आणि आयोना बेटांसाठी पूर्ण लागतो, आणि दुसरा त्याचा थकवा उतरवायला. सकाळची बोट पाऊण तासात मलवरच्या क्रेगन्यूअरला नेते. तिथून बस बेट ओलांडून सव्वा तासाने दुसऱ्या टोकाला, फिनाफोर्टला. मग दहा मिनिटांची छोटी बोट, आणि आपण आयोनावर. इ. स. ५६३मध्ये आयर्लंडहून कोलंबा नावाचे संत इथे आले आणि त्यांनी मठ स्थापला. पाहुण्यांच्या गाड्यांना बेटावर मनाई असल्यामुळे मठापर्यंत ऐकू येतात ते फक्त पक्षी आणि वारा. परतीच्या बसची वेळ उतरतानाच मोबाइलवर टिपून ठेवा. ती बोटीच्या वेळेशी जुळवलेली असते, आणि ती गेली की दुसरी मिळेल याची खात्री नाही.

मासे खाणाऱ्यांची ओबनला चंगळ आहे. धक्क्यावरच टपऱ्यांत शिजवलेले खेकडे, शिंपले आणि लँगोस्टीन मिळतात. लँगोस्टीन म्हणजे शेवंडीचा सडपातळ भाऊबंद. शाकाहारींनीही घाबरू नये. डाळीचं सूप, सालीसकट भाजलेला बटाटा, ओटची लापशी सगळीकडे मिळते. हॅगिस या तिथल्या प्रसिद्ध मांसाहारी पदार्थाचा ओट, डाळी आणि घेवड्याचा शाकाहारी प्रकारही बऱ्याच ठिकाणी असतो. मिरी घातलेला तो पदार्थ आईला घट्ट उसळीसारखा लागला आणि तिने दुसऱ्या दिवशीही मागवला. फक्त लक्षात ठेवा, लहान गावांत स्वयंपाकघरं रात्री आठ-साडेआठला बंद होतात. बाहेर लख्ख ऊन असल्यामुळे आपल्याला वेळ कळत नाही. दोनदा आम्ही उपाशी झोपायच्या बेतात होतो, तेव्हा घरून नेलेल्या मेथीच्या ठेपल्यांनी आणि शेंगदाण्याच्या चटणीने वाचवलं.

दुसरा टप्पा: रॅनॉखच्या दलदलीवरून फोर्ट विल्यम

ओबनहून परत क्रिअनलॅरिखला यायचं आणि तिथे उत्तरेची गाडी पकडायची. मधला वेळ किती आहे ते आधी तपासा, कधी थोडा असतो, कधी लांबतो. फारच लांब असेल तर ओबनहून किनाऱ्याने जाणारी थेट बसही आहे. पण तो पर्याय नाइलाज झाला तरच घ्यावा, कारण पुढचा तास-दीड तास या सबंध प्रवासाचा गाभा आहे.

टाइनड्रम हे मूठभर घरांचं गाव, पण त्याला दोन स्थानकं: खालचं ओबनकडे, वरचं फोर्ट विल्यमकडे. त्याच्या पुढे गाडी एका दरीत शिरते आणि समोर पलीकडच्या डोंगरावर रूळ दिसतात. ते आपलेच. दरीवरून सरळ पूल बांधायला कंपनीकडे पैसा नव्हता, म्हणून रूळ दरीच्या कडेकडेने घोड्याच्या नालासारखे वळवत नेले. त्या वेळच्या काटकसरीमुळे आज आपल्याला तो डोंगर तीन बाजूंनी बघायला मिळतो.

मग रॅनॉख मूर. पाण्याची डबकी, तपकिरी गवत, मध्येच एखादं वाकलेलं झाड, आणि घर एकही नाही. १८८९च्या जानेवारीत मार्ग पाहायला निघालेली सात माणसं शहरी कपड्यांत, छत्र्या घेऊन ही दलदल पायी ओलांडायला गेली आणि रात्रीच्या पावसात मरता मरता वाचली. खाली घट्ट जमीनच नसल्यामुळे इंजिनिअरांनी झाडांच्या मुळ्या, फांद्या, माती आणि राखेचे थर टाकून त्यावर रूळ अंथरले. १८९४ साली सुरू झालेला हा मार्ग आजही त्या तरंगत्या थरावरच आहे. मोबाइलला इथे रेंज नसते. फोन बॅगेत टाका.

या पट्ट्यातलं कोरावर हे स्थानक ४०८ मीटर उंचीवर आहे, ब्रिटनच्या मुख्य रेल्वेजाळ्यातलं सगळ्यात उंच. तिथे सार्वजनिक रस्ता पोहोचतच नाही. फोर्ट विल्यमच्या दोन दिवसांपैकी एक दिवस तिथे परत या. सकाळच्या गाडीने पाऊण-एक तास, लॉख ऑसियनच्या काठापर्यंत दीडएक किलोमीटर सपाट चाल, आणि परतीची गाडी. परतीची वेळ कागदावर लिहून घ्या, कारण ती चुकली तर टॅक्सी बोलवायला रस्ताच नाही.

फोर्ट विल्यम गाव म्हणून फारसं देखणं नाही. ते मुक्कामाला उत्तम, कारण स्थानकाशेजारीच मोठं सुपरमार्केट आहे आणि मागे बेन नेव्हिस. ब्रिटनचा हा सर्वांत उंच डोंगर १,३४५ मीटरचा, म्हणजे आपल्या १,६४६ मीटरच्या कळसूबाईहून ३०० मीटरने कमी. तरीही कळसूबाई चढलोय म्हणून त्याला हलकं घेऊ नका. तो इतक्या उत्तरेला आहे की माथ्यावर उन्हाळ्यातही बर्फ आणि धुकं असू शकतं. खालून बघावा, ते पुरेसं.

तिसरा टप्पा: मॅलेग आणि समुद्र

फोर्ट विल्यम ते मॅलेग सुमारे दीड तास. ग्लासगोहून आलेली गाडी फोर्ट विल्यमला तोंड फिरवते, म्हणून सलग प्रवास करणाऱ्यांची डावी बाजू इथे उजवी होते. मॅलेगकडे जाताना पुन्हा डावीकडेच बसायचं आहे.

वाफेच्या इंजिनाची 'जॅकोबाइट' गाडी याच रुळांवरून धावते. सिनेमामुळे ती जगप्रसिद्ध झाली आणि तिची तिकिटं महिनोन्महिने आधी संपतात. लहान मुलं सोबत असतील तर जरूर घ्या, शिट्टी आणि धुराचा आनंद खरा आहे. पण ती मिळाली नाही म्हणून कुणी प्रवासाचा बेत मोडू नये. साधी गाडी त्याच पुलावरून जाते, तिकीट बरंच कमी पडतं, आणि खिडकीबाहेर बघणाऱ्याला काहीही उणं पडत नाही.

तो पूल म्हणजे ग्लेनफिनन. २१ कमानी, ३८० मीटर लांबी, ३० मीटर उंची, आणि सगळा निव्वळ काँक्रीटचा, आत लोखंडी सळ्या नाहीत. हा मॅलेगपर्यंतचा मार्ग १९०१मध्ये खुला झाला. ठेकेदार रॉबर्ट मॅकअल्पाइन यांना लोक 'काँक्रीट बॉब' म्हणत. पूल वळणावर असल्यामुळे मागच्या डब्यात बसलात तर आपल्याच गाडीचं तोंड कमानींवर दिसतं. डावीकडे खाली लॉख शील आणि काठावरचा उंच स्मारकस्तंभ. १७४५मध्ये राजपुत्र चार्ल्सने इथे बंडाचं निशाण उभारलं होतं.

पुढच्या लॉख नान उआव्ह पुलाची गोष्ट मात्र मन हलवते. बांधकामाच्या वेळी एक घोडा गाडीसकट पोकळ खांबात पडला, अशी दंतकथा होती आणि लोक ती ग्लेनफिननवर खपवत. २००१मध्ये यंत्राने तपासणी केली तेव्हा या दुसऱ्या पुलाच्या खांबात घोडा आणि गाडी खरंच सापडली. ॲरिसेगनंतर पांढरी वाळू आणि समुद्रात एग, रम ही बेटं दिसू लागतात. डबाभर लोक गप्प होतात.

मॅलेगहून स्कायवरच्या आर्माडेलला बोटीने अर्धा-पाऊण तास. इथे एक काळजी घ्या. वारा किंवा बिघाडामुळे बोटी रद्द होतात, म्हणून आदल्या रात्री आणि सकाळी कॅलमॅकच्या ॲपवर स्थिती बघा. पायी प्रवाशांचीही जागा आधी नोंदवा. बोट रद्दच झाली तर दुसरी वाट आहे: गाडीने फोर्ट विल्यमला परत, तिथून पुलावरून स्कायला जाणारी लांब पल्ल्याची बस. हे आधी ठाऊक असलं की धक्क्यावर घालमेल होत नाही. आमची बोट दोन तास उशिरा निघाली. आम्ही गरम सूप घेऊन बसलो, आणि बंदरात सील वर आला तो त्या उशिरामुळेच दिसला.

स्काय, बसने

पोर्ट्री हे बेटाचं मुख्य गाव. आर्माडेलहून बस लागते, वेळ बोटीशी जुळते का ते बघून खोलीवाल्याला पोहोचण्याची वेळ कळवा. स्टॉरचा सुळका आणि क्विरँगचे कडे पाहायला गावातून छोट्या गाडीची दिवसाची सहल घ्यावी. आठ-दहा माणसं असतात आणि चालवणारा स्थानिक असतो. स्कायवर गाडी चालवण्याची मनस्थिती आमची नव्हती, आणि तो पैसा सत्कारणी लागला. पाऊस लागला तर खोलीत बसा आणि ढग डोंगरावरून उतरताना बघा, तोही एक दिवस धरा.

चौथा टप्पा: काइल ते इनव्हरनेस

पोर्ट्रीहून काइल ऑफ लोखॅल्शला बसने तासभर, १९९५च्या पुलावरून. हाताशी वेळ असेल तर बसनेच पुढे डॉर्नीला जाऊन पाण्यातला आयलन डोनन किल्ला बघून परत या.

काइलचा रेल्वेमार्ग १८९७मध्ये पूर्ण झाला. शेवटचे काही किलोमीटर खडक फोडून काढावे लागले. इनव्हरनेसकडे जाताना डावीकडे बसा. सुरुवातीला बराच वेळ रूळ लॉख कॅरनच्या पाण्याला चिकटून जातात. प्लॉक्टनला समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे घरांसमोर ताडासारखी झाडं वाढतात. ५७ अंश उत्तरेला ती बघून कोकणी माणूस क्षणभर चक्रावतो. मार्गावरची काही स्थानकं हात दाखवा, गाडी थांबवा अशी आहेत. उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगा. इनव्हरनेसपर्यंत अडीच तासांहून थोडं जास्त लागतं. या गाडीत खायला मिळेलच असं धरू नका, काइललाच घेऊन ठेवा.

इनव्हरनेसचे दोन दिवस एक लॉख नेसच्या बोटीसाठी आणि एक कपडे धुवायला.

ऑर्कनीला जायचं असेल तर ते इथून. उत्तरेची गाडी थर्सोला पावणेचार-चार तासांत नेते, वाटेत फ्लो कंट्री लागते. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या या अफाट दलदलीला युनेस्कोने २०२४मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. थर्सोजवळच्या स्क्रॅबस्टरहून बोट दीड तासात स्ट्रॉमनेसला पोहोचते, वाटेत १३७ मीटरचा 'ओल्ड मॅन ऑफ हॉय' हा समुद्रातला खडक दिसतो. स्कारा ब्रे ही पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी घरं बघायला किमान दोन रात्री द्याव्या लागतात. त्या नसतील तर जाऊ नका.

शेवटचा टप्पा: एडिंबऱ्याकडे

साडेतीन तासांची गाडी, आधी २९ कमानींच्या कलोडन पुलावरून, मग एव्हीमोर आणि केर्नगॉर्म डोंगरांखालून. ड्रुमॉख्टर खिंडीत रूळ ४५२ मीटरवर जातात, ब्रिटनच्या मुख्य मार्गांवरची ही सर्वांत मोठी उंची. त्यानंतर झाडं दाट होतात, शेतं दिसतात, पिटलॉख्रीला गाडीत गर्दी वाढते.

आरक्षण करताना फाइफमधून जाणारी गाडी निवडा, स्टर्लिंगमार्गे जाणारी नको. फाइफची गाडी फोर्थच्या पुलावरून जाते. १८९०चा हा लाल पोलादी पूल जवळजवळ अडीच किलोमीटर लांब आहे, आणि त्याच्या लाल नळ्या खिडकीसमोरून एकामागून एक सरकत जातात. उजवीकडे बसलात तर रस्त्याचे दोन्ही पूलही दिसतात. पुढे हेमार्केट आणि मग वेव्हर्ली. थेट विमानतळ गाठायचा असेल तर हेमार्केटलाच उतरा, ट्राम स्थानकाबाहेरूनच मिळते. आमची एक रात्र शिल्लक होती, म्हणून आम्ही वेव्हर्लीपर्यंत गेलो. फलाटावर उतरल्यावर आईने विचारलं, परत त्याच गाडीने वर जाता येतं का.